मदत हवी आहे : गुड फ्रायडे आणि मोहरमला फलकावर काय लिहावे?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर सणांच्या शुभेच्छा लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. दिवाळी, ईद, नाताळ यांची चिंता नाही. चिंता आहे ती ज्या दिवशी सुट्टी असते पण सण नसतो, अशा दिवसांची. मागे एकदा गुड फ्रायडेला फलकावर ‘हार्दिक शुभेच्छा’ झळकल्या होत्या. येशूला क्रुसावर चढवल्याच्या स्मरणाचा तो दिवस. आमच्या इमारतीतील ख्रिस्ती आजी तो मजकूर वाचून काही न बोलता निघून गेल्या, आणि त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला वाटत राहिले.

मोहरमचा पेच याहून अवघड आहे. इ.स. ६८० मध्ये कर्बला येथे इमाम हुसेन शहीद झाले, म्हणून आमच्याकडील शिया कुटुंब या महिन्यात शोक पाळते. सुन्नी शेजारी दहाव्या दिवशी, म्हणजे आशुऱ्याला, रोजा ठेवतात. शिवाय याच महिन्याच्या पहिल्या तारखेला हिजरी नववर्ष सुरू होते. एकच वाक्य तिघांना कसे पुरावे?

६ डिसेंबरला आपण डॉ. आंबेडकरांना ‘विनम्र अभिवादन’ करतो, तसे ‘इमाम हुसेन यांच्या हौतात्म्यास विनम्र अभिवादन’ असे लिहिले तर ते योग्य वाटेल का? गुड फ्रायडेसाठी कोणते शब्द वापरावेत? संबंधित समाजातील सदस्यांनी, आपल्या घरी काय बोलले जाते हे कृपया सांगावे. फलक कोरा ठेवण्याचा सल्ला समितीने आधीच दिला आहे. तो मला पटलेला नाही.