हलगी कातड्याची की फायबरची? आज रात्रीपर्यंत सांगा

मंडळी,
शनिवारी बेळगावातनं स्वित्झर्लंडला, बाझलला परत निघायलोय. आपल्या मंडळाच्या गणपतीसाठी शहापुरात ३ हलग्या बघून ठेवल्यात. कातड्याच्या घेऊ की फायबरच्या? सांबऱ्याच्या विमानतळावरनं मुंबईपर्यंत १५ किलोच सामान चालतं आणि आईनं कुंद्याचे ४ डबे आधीच कोंबलेत.
— खानापूरवाला

फायबरच्या. गेल्या वर्षी कागद पेटवून हलगी शेकायला बसलास आणि हॉलचा धुराचा अलार्म वाजला, विसरलास काय? बंबाचं बिल मंडळाच्या खात्यातनं गेलंय. आणि २०२५ पासून माणशी १५० फ्रँकच्या वर माल गेला की स्विस कर भरावा लागतो. पावती जपून आण.
— खजिनदार

फायबरची हलगी म्हणजे बादली बडवल्यासारखी. बाझलच्या फासनाख्टमध्ये, म्हणजे तिथल्या कार्निव्हलमध्ये, बघा की. सोमवारी पहाटे ४ ला शहरातले दिवे बंद, फक्त रंगवलेले कंदील, आणि हुकूम झाला की सगळी पथकं एकाच वेळी एकच चाल धरतात. ढोल आणि पिकोलो (छोट्या बासऱ्या), बास. स्पीकर नाही. गुरुवारी पहाटे ४ पर्यंत, मोजून ७२ तास. २०१७ ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते उगाच नव्हे. पोरं लहानपणापासून पथकात शिकतात, आपण मात्र गणपतीच्या आदल्या रविवारी तालीम करतो.
— शहापूरकर काका

काका, कौतुक मान्य, पण त्याच शहरात आपल्याला रात्री १० ला हॉल रिकामा करायला लावतात, ते पण सांगा की. आपल्याकडं बेळगावात कपिलेश्वर तलावावर शेवटचा गणपती पोचेस्तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार होते, तरी कोण कुणाला हाकलत नाही. कुठलं मंडळ पुढं, कुठलं मागं, यावर हुज्जत होते तेवढीच.
— टिळकवाडी

हाकलत नाही, पण ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर लावतात त्याचं काय? आमच्या घराच्या खिडकीची काच थरथरायची आणि आजी कानात कापूस घालून बसायची. आणखी एक. ढोल-ताशा पथक हे पुण्याचं वारं. आपलं म्हणजे झांज, लेझीम, हलगी. फासनाख्टच्या कंदिलांवर पुढाऱ्यांची टिंगल असते, ती बघून मला वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ आठवतात. आपल्या रथांवर टिंगल कमी, इतिहास जास्त, पण रात्ररात्र जागून सजवायचं वेड तेच. बाझलला रस्त्यात उधळतात ते कागदाचे तुकडे एकाच रंगाचे लागतात, मिसळीचे नाहीत. मिसळीचे म्हणजे जमिनीवरनं गोळा केलेले! आपल्या गुलालाला असला नियम लावून बघा.
— अनगोळची ताई

ताई, गुलालाचं राहू दे. गेल्या वर्षी हॉलचा गालिचा धुवायला १२० फ्रँक गेलेत.
— खजिनदार

मी हलगीचं विचारलं होतं.
— खानापूरवाला

कातड्याची घे रे. आणि ती शेकायला जाळ कशाला? हेअर ड्रायर धर, पाच मिनिटांत ताणते. आमच्या घरी करून बघितलंय.
— अनगोळची ताई

बरं. एक कातड्याची, दोन फायबरच्या घेतल्या. कुंद्याचे दोन डबे इथंच राहिले, आई दिवसभर बोलेना झालीय. ड्रायर कुणाचा ते तुमच्यात ठरवा, आमच्या घरचा मिळणार नाही.
— खानापूरवाला