कागद आधीच समोरासमोर ठेवायचं काम वकिलांचं आहे, कायदा बदलायची वाट कशाला बघायची?

सदर_सिव्हिल: जिल्हा कोर्टात दिवाणी बाजूला प्रॅक्टिस करते, आणि हे बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहून टाकते. आपले दावे लांबतात त्याला जज कमी आहेत, स्टाफ कमी आहे ही कारणं आहेतच, पण मुद्दे काढायच्या (म्हणजे वाद नेमका कशाचा हे कोर्टाने ठरवायच्या) आधीचा जो टप्पा आहे तो आपण वकिलांनीच मारून टाकला आहे. प्रतिवादीचा लेखी जबाब उघडा, परिच्छेद १ पासून शेवटपर्यंत एकच वाक्य, 'मजकूर खोटा असून नाकबूल आहे'. अहो, वादीचा पत्ता सुद्धा नाकबूल!

एक उदाहरण देते. पावणेतीन लाखांच्या मालाच्या वसुलीचा दावा, बिल आहे, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल नेल्याची पावती) आहे, बिल्टीवर प्रतिवादीच्याच गोदामातल्या माणसाची सही आहे. जबाबात सही नाकबूल. मग काय, ड्रायव्हरला साक्षीला आणा, तो आता रायपूरकडे दुसऱ्याची गाडी चालवतो, समन्स जाते आणि परत येते, तारीख पडते, आणि शेवटी उलटतपासणीत प्रतिवादी स्वतःच म्हणतो की हो माल मिळाला होता पण क्वालिटी खराब होती. म्हणजे खरा वाद क्वालिटीचा होता, आणि तो दोन्ही वकिलांना पहिल्या तारखेपासून माहीत होता.

दिवाणी प्रक्रिया संहितेत सगळी सोय आहे. ऑर्डर ११ मध्ये (ऑर्डर म्हणजे संहितेतलं नियमांचं प्रकरण) समोरच्याला प्रश्नावली, त्याच्याकडचे कागद उघड करायला लावणं, त्यांची तपासणी. ऑर्डर १२ नियम २ मध्ये कागद कबूल करायची नोटीस, ७ दिवस मुदत, आणि विनाकारण नाकारलं तर तो कागद सिद्ध करायचा खर्च नाकारणाऱ्यावर, दावा कोणीही जिंको, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर. किती जण ही नोटीस देतात? माझं म्हणणं इतकंच की बारने (वकील संघाने) स्वतःहून ठरवावं, मुद्दे काढायच्या आधी दोन्हीकडच्या वकिलांनी एकदा बसायचं, कोणते कागद मान्य आणि कोणते नाही याची जॉइंट पुरसीस (दोघांच्या सहीचं लेखी निवेदन) कोर्टाला द्यायची.

महालचे_काका: ताई, तुमची तळमळ समजते पण मी पूर्ण विरोधात आहे. पुराव्याचा भार वादीवर असतो हे आपण पहिल्या वर्षाला शिकलो. अशील मला फी देतो ती समोरच्याचं ओझं हलकं करायला नाही. आज मी बिल्टी कबूल केली आणि उद्या निकाल विरोधात गेला, तर तो अशील माझ्याच टेबलासमोर उभा राहून म्हणेल की वकील साहेब फुटले. आणि कागद आधी दाखवले की समोरचा त्या हिशोबाने साक्षीदार तयार करतो, हे मी आयुष्यभर बघून राहिलो आहे. अमेरिकेत हा डिस्कव्हरीचा, म्हणजे सुनावणीआधी एकमेकांचे कागद मागायचा प्रकार इतका वाढला की खर्चाला घाबरून छोटी पार्टी तडजोड करून मोकळी होते, शेवटी २०१५ मध्ये त्यांना दिवाणी प्रक्रियेचा नियम २६ बदलून सांगावं लागलं की मागणी दाव्याच्या प्रमाणात ठेवा. ते इकडे आणायचं का बाप्पा?

सदर_सिव्हिल: काका, अमेरिकेतलं खर्चाचं बोललात ते शंभर टक्के खरं, आणि म्हणूनच मी ते मागत नाही आहे. पण त्याच अमेरिकेत शिकागोकडच्या सातव्या सर्किटमध्ये (तिथल्या केंद्रीय कोर्टांचा एक विभाग) २००९ साली ई-डिस्कव्हरीचा, म्हणजे कॉम्प्युटरमधले कागद मागायचा पायलट प्रोग्राम सुरू झाला त्याकडे बघा. वादीकडून लढणारे, प्रतिवादीकडून लढणारे, कंपन्यांचे वकील असे सगळे जजसोबत एका कमिटीत बसले आणि तत्त्वं लिहिली. ईमेल आणि कॉम्प्युटरमधल्या कागदांवरून वाद झाला तर प्रत्येक बाजूने एक माहितगार माणूस नेमायचा, आणि कोर्टात भांडण नेण्याआधी वकिलांनी आपसात बोलायचं. खर्च कमी करायलाच हे केलं त्यांनी, संसदेची वाट न बघता. मला त्यातलं एवढंच हवं आहे, की काम करणाऱ्यांनीच पद्धत लिहावी.

आणि साक्षीदार तयार होण्याचं म्हणाल तर ऑर्डर ७ नियम १४ प्रमाणे ज्या कागदांवर भिस्त आहे ते दाव्यासोबतच द्यायचे असतात. लपवायचं काय उरलं मग? उलट शेवटच्या क्षणी कागद काढला की परवानगीचा अर्ज, त्यावर समोरच्याचा से (लेखी म्हणणं), त्यावर ऑर्डर, त्यावर हायकोर्टात रिट. अशिलाची भीती मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. म्हणूनच म्हणते की एकट्या वकिलाने केलं तर तो फुटला म्हणतात, सगळ्या बारची रीत झाली तर कोणी म्हणणार नाही.

ज्युनिअर_बर्डी: मी तीन सिनिअरकडे काम केलं, जबाबाचा ड्राफ्ट सगळीकडे सारखाच, आधी सगळं नाकबूल, मग 'खरी हकीकत' म्हणून दोन पानं. ऑर्डर ८ मध्ये स्पष्ट आहे की नकार मुद्देसूद हवा, गोलमोल नकार म्हणजे कबुली, पण हे कोणी पाळत नाही आणि कोर्टही जोर देत नाही. ताई, पण फीचं काय? बऱ्याच ठिकाणी ज्युनिअरला तारखेमागे पैसे मिळतात. तारखा कमी झाल्या तर आमचं काय होईल याचा विचार कोणी करणार का? मी विरोधात नाही, पण हा प्रश्न कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

सदर_सिव्हिल: बरोबर बोललास भाऊ. फी टप्प्याने ठरवायला लागेल, दावा दाखल, जबाब, कागद तपासणी, पुरावा, युक्तिवाद असे. कागद तपासणीच्या टप्प्याला वेगळी फी लावली तर ज्युनिअरला खरं काम मिळेल, कारण ते बसून करायचं काम आहे, कोर्टात उभं राहून फक्त तारीख घ्यायचं नाही.

कोराडी_रोड_फौजदारी: दिवाणीपुरतं ठेवा म्हणजे झालं. फौजदारीत आरोपीला गप्प राहायचा हक्क आहे, तिथे 'आधी सांगून टाका' ही भाषा मला चालणार नाही. तिथे ओझं सरकार पक्षावरच हवं. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसांनी गोळा केलेल्या पण ज्यावर सरकार पक्षाची भिस्त नाही अशा जबाबांची आणि कागदांची यादीही आरोपीला द्या. ती यादी मागायला आमच्यापैकी किती जण अर्ज करतात? बारने आधी हे शिकवावं.

सदर_सिव्हिल: सहमत, माझा धागा दिवाणीचाच. यादीचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे, हक्क पुस्तकात आहे आणि वकील मागत नाही.

महालचे_काका: ठीक आहे, पण खर्चाचं सांगा. तुम्ही म्हणता नाकारणाऱ्यावर खर्च बसतो. खोट्या बचावाबद्दल कलम ३५-अ मध्ये कमाल ३००० रुपये आहेत, ते १९७६ पासून तेवढेच. ३००० ला कोण घाबरते? रामरामेश्वरी देवीच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने खरा खर्च लावा, ऑर्डर ११ वापरा असं सगळं सांगितलं, बदललं काय? कमर्शिअल कोर्टात (व्यापारी वादांचं कोर्ट) ३ लाखांच्या वर स्वतःच्या विरोधात जाणारे कागद सुद्धा शपथेवर द्यायचे आहेत, कबुली-नकाराचं पत्रक तपासणीनंतर १५ दिवसांत द्यायचं आहे, तिथेही आपलेच लोक छापील नकार देऊन राहिले. कायद्याने होत नाही ते तुमच्या पुरसीसने होईल?

सदर_सिव्हिल: काका, तुम्ही माझाच मुद्दा सांगितला. निकाल झाले, दुरुस्त्या झाल्या, आणि सगळं येऊन अडलं ते जबाब टाइप करणाऱ्या वकिलाच्या टेबलावर. व्हॉट्सअ‍ॅप चॅटचंच घ्या, जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या २०२० च्या निकालापासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटशिवाय प्रिंटआउट चालत नाही हे पक्कं झालं. पण दोन्ही पार्ट्यांना चॅट खरं आहे हे माहीत असेल तर ते कबूल करायला कोणाचा हात धरला आहे? कबूल गोष्ट सिद्ध करावी लागत नाही.

गांधीबाग_व्यापारी: मी वकील नाही, वसुलीच्या दाव्यातला वादी आहे. काका, राग मानू नका, पण तुम्ही जे ओझं म्हणता ते आमच्या डोक्यावर आहे. माझं दुकान बंद ठेवून मी तारखेला येतो आणि समोरचा माझीच बिलबुकं नाकारतो, जी त्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये त्याने स्वतः दाखवली आहेत. ताई, माझ्या दाव्यात अजून पुरावा सुरू नाही झाला, आता ती नोटीस देता येते का?

सदर_सिव्हिल: येते दादा. तुमच्या वकिलांना सांगा, ऑर्डर १२ नियम २, बिलांची आणि बिल्टींची क्रमाने यादी जोडा, समोरच्या वकिलांकडून पोच घ्या आणि ती नोटीस रेकॉर्डवर लावा. जीएसटी रिटर्न त्यांच्याकडे आहेत, तेव्हा ते हजर करायला ऑर्डर ११ नियम १४ खाली वेगळा अर्ज द्या.

महालचे_काका: आणि दावा ३ लाखांच्या वर असेल तर आधी बघा की तो कमर्शिअल कोर्टातच आहे ना, नाहीतर हा सगळा खटाटोप चुकीच्या कोर्टात होईल. नोटीशीचा ड्राफ्ट माझ्याकडे आहे, जुना आहे पण चालेल, ताई उद्या बार रूमला या, देतो.