[मंडळ] झुडपांची ऑर्डर रविवारी रात्री जाणार

माई (डंडी), गुरुवार सकाळ

मंडळी,

बेअर-रूट, म्हणजे कुंडीशिवाय उघड्या मुळांनी येणाऱ्या, झुडपांची ऑर्डर रविवारी रात्री जाईल. मंडळाच्या प्लॉटवर कुंपणालगतची पट्टी रिकामी आहे. तिथल्या रास्पबेरीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा चर्चा नको. पट्टी ६ मीटरची, म्हणजे झुडपं चार. फर्माइशी आल्यात अकरा. एकाने हापूस लिहिलाय, तो विनोद समजून सोडून दिला.

‘काहीही चालेल’ असं लिहू नका. दिवाळीच्या मेनूला तेच लिहिलं होतंत आणि नंतर बोलत होतात.

माई

---

बाळू (एडिंबरा), गुरुवार दुपार

माई, ब्लूबेरी घ्या ना. मुलं दुसरं फळ तोंडात घालत नाहीत. दोन वेगवेगळ्या जातींची दोन झुडपं लागतील, म्हणजे फळ नीट धरतं. फक्त नळाचं पाणी चालत नाही, पावसाचंच घालावं लागतं. पण प्लॉटवर निळं पिंप आहेच.

---

नाना, गुरुवार रात्र

बाळू,

ते निळं पिंप गणपतीचं आहे. विसर्जन त्यात होतं. मूर्ती विरघळली की तळाशी शाडूचा गाळ बसतो, तो काढून पिंप तीन वेळा धुवावं लागतं, आणि ते कोण धुतं हे मी लिहीत नाही. तू आलास दोन वर्षांपूर्वी, म्हणून तुला दोष देत नाही. पण पिंप ब्लूबेरीसाठी मिळणार नाही.

दुसरं, रास्पबेरी मेली ती पट्टीच्या खालच्या टोकाला पाणी साचतं म्हणून. मुळं कुजली. मी तेव्हाच सांगितलं होतं की माती वर चढवा, वरंबा करा. मीटिंगच्या वृत्तान्तात ते आलेलं नाही.

माझं मत: काळे करंट, म्हणजे ब्लॅककरंट. दमट, जड मातीत ही झुडपं रास्पबेरीपेक्षा जास्त तग धरतात. अगदी पाण्यात उभी राहणार नाहीत, म्हणून वरंबा हवाच. थंडीचं भय नाही, उलट हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत. आणि जात शोधायला लांब कशाला जायचं? आपल्या बसच्या रस्त्यावर इन्व्हरगावरीला जी संशोधन संस्था आहे, २०११ पासून जेम्स हटन नाव असलेली, तिथेच ‘बेन’वाल्या जाती झाल्या. बेन लोमंड, बेन सारेक, बेन कॉनन, बेन होप. स्कॉटलंडमध्ये बेन म्हणजे डोंगर. रास्पबेरीच्या ‘ग्लेन’ जातीही तिथल्याच, ग्लेन म्हणजे दरी. आणि ब्लॅकबेरी-रास्पबेरीच्या संकराची १९७९ ची टेबेरी! आपल्या टे नदीचं नाव असलेलं फळ आपल्या प्लॉटवर नाही, याची मला गेली नऊ वर्षं खंत आहे.

नाना

---

सोनू (अबर्डीन), शुक्रवार सकाळ

नाना, डोंगरांचा विषय निघाला म्हणून विचारते, बेन लोमंडच्या सहलीला ९७४ मीटरपैकी किती मीटर झाले होते? :)

माझं मत हनीबेरीला. आमच्याकडे ती मार्चअखेरीस फुलते, फुलावर हिम पडलं, पारा शून्याखाली सात अंश गेला, तरी फळ येतं. चव ब्लूबेरीच्या जवळची, आणि मातीचे नखरे नाहीत. हिलाही दोन जाती लागतात.

---

नाना, शुक्रवार सकाळ

गुडघा दुखत होता. डॉक्टरांचं पत्र आहे.

---

वहिनी (पर्थ), शुक्रवार दुपार

माई,

मला एक तरी गूसबेरी हवी. काटे आहेत, मान्य. पण जूनमध्ये फळ हिरवं, कडक आणि आंबटढाण असताना जे लोणचं होतं, ते खाऊन मागच्या वर्षी तीन जणांनी कैरी कुठून आणली म्हणून विचारलं. त्यातले दोघे ह्याच यादीवर आहेत.

एक टोक देठाचं, दुसऱ्या टोकाला वाळक्या फुलाची शेंडी, दोन्ही नखं कापायच्या कात्रीने खुडायची. विळीवर घेऊ नका, बोट जातं. मग उभी चीर द्यायची, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी सुटलेलं पाणी फेकायचं नाही. मोहरीची पूड, मेथ्या तळून, हिंग, गार केलेली फोडणी. फोड कैरीसारखी करकरत नाही, चार दिवसांत मऊ होते, पण आंबटपणा तोच. आणि एकाआड एक फळ असं तोडलं की उरलेली फळं झुडपावर फुगतात, जुलैअखेर गोड होतात, ती मुलांना.

‘इन्व्हिक्टा’ जात घ्या. भुरी पटकन लागत नाही आणि झुडूप लदबदून जातं.

---

अण्णा (खजिनदार), शुक्रवार संध्याकाळ

गूसबेरी म्हणजे आपली रसभरी ना? ती तर माझ्या आईच्या परसात होती, काटे कुठे होते तिला?

शिल्लक ९० पाउंड. झुडपं, कुरियर, पक्ष्यांसाठी जाळी, सगळं त्यातच. जाळी विसरू नका. दर वेळी विसरता आणि मग माझ्याकडे पावत्या येतात.

---

वहिनी (पर्थ), शुक्रवार संध्याकाळ

अण्णा, रसभरी ती कागदी कंदिलात बसलेली पिवळी. टोमॅटो-वांग्याच्या कुळातली. इंग्रजीत तिला केप गूसबेरी म्हणतात, घोळ तिथला. ही गूसबेरी करंटची सख्खी बहीण, अंगावर रेघा असलेली.

---

बाळू (एडिंबरा), शुक्रवार संध्याकाळ

पण रसभरी म्हणजे रास्पबेरी ना? शब्दकोशात तसंच आहे.

---

वहिनी (पर्थ), शुक्रवार रात्र

शब्दकोशवाला बाजारात गेला नसणार. महाबळेश्वरला टोपलीवालीकडे रसभरी माग, काय देते बघ. आणि गूसबेरीला आवळाही म्हणू नका, तो तिसराच.

---

ताई (आता न्यू जर्सी), शुक्रवार रात्र

मी अजून ह्या यादीवर आहे, कोणी काढू नका, तुमच्या मेल वाचल्या की डंडीच्या वाऱ्याचा आवाज येतो.

काळे करंट मिळतायत तर घ्या हो. इथे कोणाला चवच माहीत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेने ह्या झुडपांवर देशभर बंदी घातली, कारण पांढऱ्या पाइनवर पडणारा एक तांबेरा आपलं अर्धं आयुष्य करंटच्या पानांवर काढतो. लाकूड महत्त्वाचं, जॅम नाही. १९६६ मध्ये केंद्राची बंदी उठली आणि निर्णय राज्यांकडे गेला. न्यू यॉर्कने २००३ मध्ये परवानगी दिली, काही राज्यांत अजून अटी आहेत. शेजारणीला मी आपल्या जॅमची बाटली दिली तर म्हणाली, औषधासारखं लागतं.

---

नाना, शनिवार पहाट

शेजारणीचं खरं आहे. औषधच होतं ते. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनात, तेव्हा ब्रिटनमधल्या लहान मुलांना क जीवनसत्त्वासाठी काळ्या करंटचं सरबत वाटलं जायचं.

लावायचं कसं ते आत्ताच लिहितो, नंतर कोणी ऐकत नाही. खोडावर नर्सरीतल्या मातीची खूण दिसते. काळा करंट त्या खुणेच्याही पाच-सहा सेंटिमीटर खाली पुरायचा, म्हणजे जमिनीतून नवे धुमारे फुटतात. आणि लावल्याबरोबर सगळ्या फांद्या जमिनीपासून एक-दोन डोळ्यांवर छाटायच्या. लाल करंट आणि गूसबेरीला हे करायचं नाही, त्यांना आखूड खोड ठेवायचं. मागे एकाने दोन्हींची अदलाबदल केली होती.

---

अण्णा (खजिनदार), शनिवार सकाळ

लावल्या दिवशी छाटायचं? पैसे मोजून आणलेलं? मग ह्या उन्हाळ्याच्या सहलीला फळ काय खायचं?

---

नाना, शनिवार सकाळ

ह्या उन्हाळ्यात काही नाही. पुढच्या. काळा करंट मुख्यतः गेल्या वर्षीच्या कोवळ्या काठीवर फळतो, म्हणून पुढेही दर हिवाळ्यात जुन्या काळ्या पडलेल्या काठ्यांपैकी तिसरा हिस्सा बुडातून काढायचा. तुम्ही मुदत ठेवीवर पाच-पाच वर्षं थांबता ना?

---

बाळू (एडिंबरा), शनिवार दुपार

ब्लूबेरीचं काय ठरलं? पिंप नको, मी नवीन घेऊन येतो माझ्या खर्चाने.

---

माई (डंडी), शनिवार दुपार

बाळू, अरे तू इंग्लंडमधल्या स्लाउहून आलायस. तिकडे किटलीच्या तळाला पांढरी खरपुडी धरते, म्हणून पावसाचं पाणी. इथली तुझी किटली उघडून बघ, दोन वर्षांत डाग तरी पडलाय का? इथलं नळाचं पाणी मऊ आहे, अडीअडचणीला खुशाल घाल.

अडचण मातीची आहे. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामू (पीएच) लागतो. अण्णांनी किट आणून मोजला तो ६.५ आला. पट्टीत लावलीस तर दुसऱ्या वर्षी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तुझ्या मागच्या दारी ऊन आहे, तिथे दोन मोठ्या कुंड्यांत आम्लधर्मी कंपोस्ट घालून लाव. मुलांना पायजम्यात तोडता येईल.

---

नाना, शनिवार दुपार

म्हणजे नवीन पिंप येणार आहे की नाही? येणार असेल तर गणपतीसाठी ते घेऊ, जुन्याच्या तोटीला गळती आहे.

---

सोनू (अबर्डीन), शनिवार रात्र

हनीबेरीवर कोणीच काही बोललं नाही. ठीक आहे, मी माझ्याकडे लावते, फळ आलं की फोटो पाठवीन, फक्त फोटो.

नाना, गूसबेरीच्या अळीचं काय? आमच्या शेजाऱ्यांचं झुडूप शुक्रवारी हिरवं होतं, सोमवारी नुसत्या काड्या.

---

नाना, शनिवार रात्र

सॉफ्लायची अळी. झुडपाच्या मध्यात, खालच्या पानांवर सुरुवात होते, म्हणून वरून बघणाऱ्याला दिसत नाही. मे महिन्यापासून दर दोन दिवसांनी वाकून पानं उलटी करून बघायची, हिरव्या अळ्या काळ्या ठिपक्यांच्या, हाताने वेचायच्या. वहिनींनी झुडूप मागितलंय तर वाकणं त्यांच्याकडे. माझा गुडघा वर आलाच आहे.

टेबेरीबद्दल कोणीच उत्तर दिलेलं नाही.

---

माई (डंडी), रविवार रात्र

ऑर्डर गेली.

बेन कॉनन दोन, खालच्या टोकाला, वरंब्यावर. आटोपशीर वाढते म्हणून ती. बेन होपला डोळे फुगवणारी कोळी-कीड लागत नाही हे खरं, पण ती उंच जाते आणि शेजारच्या आजोबांच्या वाफ्यावर सावली पडली तर पुन्हा पत्रापत्री. इन्व्हिक्टा गूसबेरी एक, वरच्या कोरड्या टोकाला. लाल करंट एक, योंकहीर व्हान टेट्स. अण्णांच्या घरी त्याचं कोकमासारखं सार करतात, आणि पैसे त्यांच्या हातात आहेत. जाळी घेतली आहे.

नाना, टेबेरी एकटीच अडीच मीटर खाते. उत्तर दिलं.

पार्सल बुधवारी येतं. मुळं उघडी असतात, जास्त दिवस ठेवता येत नाहीत, म्हणून शनिवारी १० वाजता सगळे प्लॉटवर. जमीन गोठलेली असली तर ओल्या मातीत तात्पुरती दाबून ठेवू. कुदळी, फावडी, दोरी, सगळं शेडमध्ये आहे. शेडची चावी कोणाकडे आहे?

---

अण्णा (खजिनदार), रविवार रात्र

नानांकडे. नेहमी नानांकडेच असते.

---

नाना, सोमवार पहाट

चावी माझ्या राखाडी कोटाच्या आतल्या खिशात आहे. कोट इथे माझ्याजवळ आहे. आम्ही मार्चपर्यंत पुण्यात आहोत, दिवाळीला सांगितलं होतं.