पाळोळेहून बटरफ्लाय बीचची छोटी होडी : किती वाजता निघावं, कुठे बसावं, आधी काय बघावं?

पैलतीर_पुणे
नमस्कार मंडळी. डिसेंबरात दक्षिण गोव्यातल्या पाळोळेला चार दिवस मुक्काम आहे. आम्ही पाच जण : दोघं, नऊ वर्षांची मुलगी, दीर आणि सासूबाई (वय ६८, कंबर नाजूक). किनाऱ्यावरून छोट्या होडीने बटरफ्लाय बीचला जायचं मनात आहे. चौकशी केली तर कोणी म्हणतं पाणी तळ्यासारखं होतं, आणि कोणी म्हणतं होडी लाटांवरून अक्षरशः उडत होती, पोटात गोळा आला. वाट तीच, महिनाही तोच. मग एवढा फरक का? थरार हवाच आहे, मुलगी तर त्याच्यासाठीच येतेय, पण सासूबाईंना किनाऱ्यावर बसवून ठेवायचं नाही. वेळ, जागा, होडी कशी निवडावी, नेमकं सांगा.

खडपाजवळ
फरक वाऱ्याच्या वेळेचा आहे.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत वारा सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. किनाऱ्यालगत त्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही, म्हणून पाणी सपाट. जमीन तापली की अकराच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्रावरून, वायव्येकडून यायला लागतो. दुपारी दोन ते चार त्याचा जोर सर्वांत जास्त. या खाऱ्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड असतात, एकीमागे एक चार-पाच सेकंदांनी येतात. लांबून आलेली मीटरभर उंचीची लाट बारा-चौदा सेकंदांनी येते, होडी तिच्यावरून पाळण्यासारखी जाते. तेवढीच उंच लाट पाच सेकंदांनी आली की नाळ (होडीचं पुढचं टोक) एकीवरून खाली आपटते न आपटते तोच दुसरी समोर उभी. लोक ‘उडणं’ म्हणतात ते हे. म्हणजे नुसती उंची विचारून काही कळत नाही.

बटरफ्लाय पाळोळेच्या उत्तरेला आहे, म्हणून दुपारी जाताना वारा तोंडावर येतो. होडी आपटते, तुषार थेट अंगावर. परतताना तोच वारा पाठीशी असतो. तेव्हा आपटणं थांबतं, पण लाट मागून येऊन होडीची पिछाडी उचलते आणि होडी आडवी वळू बघते. बसणाऱ्याला परतीचा प्रवास सोपा वाटतो. चालवणाऱ्याची खरी कसोटी मात्र तिथेच लागते, कारण वेग लाटेच्या वेगाशी जुळवून घ्यावा लागतो.

सकाळी गेलात तरी तीन ठिकाणी थरार मिळेलच. पहिलं, किनाऱ्यावरून सुटताना. लाटा फेराने येतात, चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत. जाणता तांडेल (होडी चालवणारा) ती उसंत येईपर्यंत होडी धरून उभा राहतो. ‘चला चला’ म्हणून त्याला घाई करू नका. दुसरं, काणकोण बेटाच्या (मंकी आयलंड) बाहेरून वळसा घेताना. तिथे लाट कातळावर आपटून परत फिरते आणि येणाऱ्या लाटेशी भिडते, त्यामुळे पाणी एका दिशेचं राहत नाही, जागच्या जागी उसळतं. वारा नसतानाही होडी तिथे दोन-तीन मिनिटं नाचते. कातळापासून लांबून वळसा घेतला तर बरंच कमी होतं, तेवढं तांडेलाला आधीच सांगा. तिसरं, बटरफ्लायला उतरताना. तिथे धक्का नाही. मांडीभर, कधी कमरेएवढ्या पाण्यात उडी मारून उतरायचं.

तुमच्यासाठी : साडेसात ते आठला निघा, दहाच्या आत परत या.

दोरी_ओढा_इंजिन
वरचं सगळं बरोबर. होडीबद्दल मी सांगतो.

पाळोळेला दोन प्रकार दिसतील. एक लाकडी, एका बाजूला उलांडी (पाण्यावर तरंगणारा आधाराचा ओंडका) लावलेली अरुंद होडी, आणि दुसरी फायबरची. उलांडीची होडी कमी डोलते, पण भार विरुद्ध बाजूला गेला की उलांडी पाण्यातून उचलली जाते आणि तिचा आधारच जातो. गादा (डॉल्फिन) दिसला की सगळे एका काठावर धावतात, नेमकं तेव्हाच हे घडतं. फायबरची होडी हलकी आणि वेगवान, म्हणून जास्त आपटते. सासूबाई सोबत आहेत तर सकाळच्या वेळी उलांडीची घ्या.

चढण्याआधी हे बघा, दोन मिनिटं लागतात :

इंजिन सुरू झालं की मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार सतत बाहेर पडली पाहिजे. ती थंड करणाऱ्या पाण्याची धार. धार नसली किंवा ठिबकत असली तर आत वाळू किंवा प्लास्टिक अडकलंय, इंजिन तापून वाटेत बंद पडणार. किनाऱ्यावरच्या होड्यांना हा त्रास नेहमीचा, कारण उथळ पाण्यात पंखा वाळू ढवळतो.

सुटी पेट्रोल टाकी असेल तर तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा हवा. तो बंद राहिला तर इंजिन छान सुरू होतं, आणि टाकीत हवा न शिरल्याने थोड्या वेळाने गुदमरून थांबतं. तोवर होडी बरोबर त्या बेटाच्या वळणावर पोचलेली असते.

लाल दोरी : एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद होतं. अनेक जण ती नुसती लटकत ठेवतात. ‘दादा, दोरी हाताला बांधा ना’ एवढं म्हणायला लाजू नका.

नांगर आणि त्याची दोरी होडीत आहे का? इंजिन बंद पडलेली होडी लाटेला आडवी होते आणि वारा तिला खडपाकडे (किनाऱ्यालगतच्या खडकांकडे) नेऊ लागतो. नांगर टाकला की नाळ पुन्हा लाटेकडे वळते. दोरी खोलीच्या पाचपट तरी सोडावी लागते, म्हणजे पाच मीटर पाण्यात पंचवीस मीटर. त्याहून आखूड असेल तर नांगर धरत नाही, नुसता घसरतो. शिवाय दोन वल्ही हवीत.

बाजूवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं हा आकडा रंगवलेला असतो. मुलं त्या आकड्यात धरायची. ‘लहान आहे, मांडीवर बसेल’ हा हिशेब समुद्रात चालत नाही.

पैलतीर_पुणे
फार उपयोगी, दोघांचेही आभार. हवेचा स्क्रू तर कधी लक्षातच आला नसता. आता सासूबाईंना कुठे बसवू? आणि लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं नसलं तर?

शेवंती_म
सासूबाईंना होडीच्या मधोमध किंवा मधल्यापेक्षा एक फळी मागे बसवा. नाळेजवळ अजिबात नको. होडी तराजूच्या दांडीसारखी हलते, टोकाला सर्वांत जास्त, मध्ये सर्वांत कमी. साठीनंतर हाडं ठिसूळ झालेली असली तर पुढे बसल्यावर लागलेल्या एका जोरदार आपटीने मणका दबू शकतो. त्यांच्या फळीवर घडी घातलेला जाड टॉवेल ठेवा. पाठ किंचित पुढे, दोन्ही पाय तळाला टेकलेले, दोन्ही हातांनी फळी धरलेली. काठावरून बाहेर बोटं काढायची नाहीत, दुसरी होडी शेजारी घासली तर चिरडतात. तुमच्या दिराला त्यांच्या पुढच्या फळीवर बसवलंत तर तुषारही अडतील.

त्यांना बटरफ्लायला उतरवायचं की नाही ते तिथे पोचल्यावर ठरवा. लाट गुडघ्याखाली फुटत असेल तर उतरवा : होडी स्थिर धरल्यावर, तोंड होडीकडे करून, दोन जणांनी दंडाला धरून. कमरेएवढं पाणी असेल तर त्यांनी होडीतच बसावं. होडी आणि किनारा यांच्या मध्ये कोणीही उभं राहायचं नाही. मागून लाट आली की होडी माणसाला घेऊनच वाळूवर चढते.

जॅकेटची परीक्षा सोपी. पट्टे आवळा, मुलीला हात वर करायला सांगा आणि खांद्याकडे धरून जॅकेट वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे, पाण्यात ती त्यातून निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मापाचं मिळालं नाही तर ती होडी सोडा. खरं तर पुण्यातूनच मुलीच्या वजनाप्रमाणे एक घेऊन या, चार दिवस पोहतानाही उपयोगी पडेल.

मळमळीचं : निघण्याआधी पोळी किंवा पाव, थोडं पाणी, बस. भजी आणि चहा परत आल्यावर. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तास-दीड तास आधी. होडीत मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटूनच पडते. मोबाइलमध्ये बघू देऊ नका, नजर क्षितिजावर ठेवा.

आणि वेग जास्त वाटला तर ओरडू नका, इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नाही. तळहात खाली दाबल्याची खूण करा आणि ‘सवकास’ (हळू) म्हणा. गोव्यात हा शब्द लगेच पोचतो.

तिथीची_भरती
भरतीचं कोणी बोललं नाही. ढोबळ हिशेब जुनाच : पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास येतो. सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला १५ × पाऊण = सव्वाअकरा. अष्टमीला सहा. पक्क्या वेळेसाठी मार्मागोवा बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा, तासाभराचा फरक पडू शकतो.

बटरफ्लायची पुळण लहान आहे, पूर्ण भरतीला खडपापर्यंत पाणी येतं आणि मुलांना खेळायला जागा उरत नाही. म्हणून सकाळी ओहोटी लागलेली असेल असा दिवस निवडा.

खडपाजवळ
सहमत, फक्त वारा आणि भरती यांत निवडायची वेळ आली तर वारा धरा. जागा कमी मिळाली तरी चालेल, दुपारी दोनला सासूबाईंना घेऊन जाऊ नका.

एक भर. तुमच्या दिराच्या मनात सकाळी कयाक घ्यायचं असेल तर मतलई वारा होडीला जितका सोयीचा, तितकाच कयाकला फसवा. पाणी सपाट, वारा पाठीशी, माणूस आरामात बाहेर जातो आणि परतताना तोच वारा तोंडावर. कयाक बेटाच्या आतल्या बाजूलाच ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा आणि फोन गळ्यातल्या पाणबंद पिशवीत.

गादा_बघा_लांबून
गाद्यांबद्दल एवढंच. इथले कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्याजवळच असतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘पाठलाग करू नका, इंजिन मंद करून थांबा’ असं निघतानाच सांगा. होडी मागे लागली की ते बुडी मारून लांब निघतात. थांबलेल्या होडीजवळ बरेचदा स्वतःच वर येतात. थांबताना नाळ लाटेकडे हवी, आणि सगळे बसलेले.

पैलतीर_पुणे
ठरलं. आमच्या चार दिवसांत शुद्ध पंचमी आणि षष्ठी येतात. म्हणजे भरती पहाटे पावणेचार-साडेचार, ओहोटी पावणेदहा-साडेदहाला, बरोबर ना? आठला निघालो तर पाणी उतरत असेल.

तिथीची_भरती
बरोबर. शिवाय अष्टमीजवळचे दिवस, म्हणजे भांगाचं पाणी, चढ-उतार कमी. षष्ठीला जा. पाळोळेचा उतार फार सपाट आहे, परत याल तेव्हा होडी किनाऱ्यापासून बरीच आधी टेकेल आणि उथळ पाण्यातून थोडं चालावं लागेल. सासूबाईंना मागे पट्टा असलेल्या रबरी चपला द्या, साध्या सपाता वाळूत रुततात.