लॅपटॉप सुरूच होईना! तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

मंडळी, १९ तारखेची रात्र, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, आणि माझ्या लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर. बटणाचा दिवा लागतोय, पंखा घूं घूं करतोय, पुढे काही नाही. नवरा म्हणाला फॉरमॅट कर. दिरांनी फोनवरूनच मदरबोर्डचं श्राद्ध घातलं.

चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं, फरक शून्य. मग सहज कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवा लागला. परत दाबलं, विझला. म्हणजे आतला जीव शाबूत होता! हॉलमधल्या टीव्हीची एचडीएमआय वायर खुपसली आणि ४३ इंचांवर माझं डेस्कटॉप झळकलं. रिटर्न टीव्हीवरच भरलं. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, दोन मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कुठली गं नवीन मालिका?"

बिजागरीतून पडद्याकडे जाणारी केबल झिजली होती, एवढंच. तुमचेही किस्से लिहा. फक्त गाडी नेमकी कुठे अडली होती ते सांगा: दिवाच नाही, दिवा आहे पण पडदा काळा, की कंपनीचा लोगो येऊन पुढे ढिम्म?

कोकणी फणस
दिवा होता, पडदा काळा, आणि वर टीं टीं टीं. रत्नागिरीचा जुलै, भिंतीसुद्धा घामेजतात. पहिल्या दुकानदाराने यंत्र उघडलंही नाही, "बोर्ड गेला, १४ हजार" म्हणाला. मी गप्प घरी आणला. बॅटरीची वायर काढली, रॅमची पट्टी बाहेर घेतली, तिचे सोनेरी दात पोराच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले, खटका बसेपर्यंत परत दाबली. सुरू! दमट हवेत त्या दातांवर पुटं चढतात. ती शिटी म्हणजे यंत्राची तक्रारच असते. किती वेळा वाजते ते मोजा आणि त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. माझा खर्च पाच रुपये, तोही पोराने नवं खोडरबर मागितलं म्हणून.

घाईत
"बूट करण्याजोगं काही सापडत नाही" असा संदेश. दोन तास घाम. पेन ड्राइव्ह लावलेला राहिला होता, यंत्र त्यातूनच सुरू व्हायला बघत होतं.

निळा पडदा
आमचं तर एका घरचं नाही, अख्ख्या ऑफिसचं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. मी हिंजवडीत सपोर्टला. सकाळी दहाच्या आत फोन सुरू झाले: निळा पडदा, रीस्टार्ट, परत निळा पडदा. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट जगभरच्या सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांवर उतरलं होतं. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहीत होते तोच दिवस.

उपाय तसा दोन मिनिटांचा: सेफ मोडमध्ये (विंडोज जेमतेम गरजेपुरतं सुरू होतं तो प्रकार) जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली नावात २९१ असलेली फाइल उडवा. पण प्रत्येक लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप), म्हणजे आत शिरायला ४८ आकडी किल्ली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, फोनवर, एकेका माणसाला! "सर, सात की नऊ?" असं मी त्या दिवशी किती वेळा विचारलं असेल देव जाणे. एक गंमत तेव्हा कामी आली: त्यातल्या प्रत्येक गटाला अकराने नि:शेष भाग जातो. जात नसेल तर आकडा चुकलाय. शाळेतली अकराची कसोटी नोकरीत पहिल्यांदाच वापरली.

घरच्या लॅपटॉपलाही बिटलॉकर असू शकतं बरं. बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट केलं किंवा बोर्ड बदलला की ते अचानक किल्ली मागतं. बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच बघून कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर नको हो!

सातारकर लेक
मी परदेशी, बाबा साताऱ्यात. त्यांचं यंत्र रोज सुरू करताना एफ१ दाबा म्हणायचं, तारीख भलतीच दाखवायचं, आणि मग बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडायचीच नाही. बाबांना वाटलं हॅकरने धरलंय. आतलं घड्याळ चालवणारा बटणसेल संपला होता. त्यांच्या जुन्या मॉडेलमध्ये सीआर२०३२ निघाला, मोटारीच्या किल्लीत असतो तोच. बाबा अभिमानाने म्हणाले, "घड्याळवाल्याकडे मिळाला, तुझ्या इंजिनिअरिंगची गरज नव्हती."

लोहचुंबक
हसू नका. लॅपटॉप सुरू व्हायचा आणि पासवर्ड टाकायला हात ठेवला की मिटायचा. बायकोने हात ठेवला की ठणठणीत. आठवडाभर हाच तमाशा. माझ्या नव्या घड्याळाचा पट्टा चुंबकाचा! झाकण मिटलंय हे ओळखणारा सेन्सर चुंबकावरच चालतो, त्याला वाटायचं झाकण लागलं.

अपूर्ण प्रबंध
माझा किस्सा गमतीचा नाही. लोगोवर अडकायचा, आतून टक टक आवाज. जुनी फिरती हार्ड डिस्क. मी दुरुस्ती तपासणी चालवली, एकदा नव्हे, रात्रभर चार वेळा. मरत्या डिस्कला पळायला लावलं. सकाळी ती दिसेनाशीच झाली. प्रबंधाची दोन प्रकरणं गेली, एक मार्गदर्शकांच्या ईमेलमध्ये होतं म्हणून वाचलं. नंतर कळलं, टक टक ऐकू आली की आधी बंद करायचं. अगदी हवंच असेल तर उबंटूच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेन ड्राइव्हवरून सुरू करून महत्त्वाच्या फायली तेवढ्या बाहेर काढायच्या.

धागाकर्ती
अपूर्ण प्रबंध, वाचून पोटात गोळा आला. मी आत्ताच मागच्या तीन वर्षांची बिलं बाहेरच्या डिस्कवर टाकायला लावली आहेत, ४१ टक्के झालंय. केबल गुरुवारी येतेय. तोवर टीव्ही माझ्या ताब्यात आणि सासूबाई माझ्या मोबाइलवर मालिका बघतायत, त्यामुळे कोणी फोन केलात तर त्याच उचलतील.