सोसायटीच्या पावसाळी लाइनमधून ओढ्यात फेस आणि तेल जातंय, आधी काय करावं?

काठावरचा
बावधन, 84 फ्लॅट. पावसाळी लाइन शेवटच्या चेंबरमधून थेट रामनदीच्या ओढ्यात जाते. वळवाच्या पहिल्या सरींना पाणी काळपट येतं, वर तेलाचा तवंग. फेस मात्र कोरड्या दिवसांतही दिसतो. उघडं पार्किंग 400 चौ.मी., पेव्हर ब्लॉकचं. कमिटी म्हणते, सगळं पाणी शोषखड्ड्यात घालून बोअरला सोडू. योग्य आहे का?

नहाणी_ट्रॅप
पाऊस नसताना पावसाळी चेंबरमधून वाहतंय ते पावसाचं पाणी नाहीच. आधी ते शोधा, फिल्टरचा खर्च नंतर.

पहिला संशय ड्राय बाल्कनीवर. वॉशिंग मशीनचा पाइप सोयीचा म्हणून बाल्कनीच्या पावसाळी पाइपात सोडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक चेंबरच्या आउटलेटच्या तोंडाशी वाळूची छोटी गोण लावा, 24 तासांनी बघा. जिच्यामागे पाणी साचलं, ती शाखा दोषी. मग त्या रांगेतल्या एकेका फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीतल्या नहाणीत खाण्याचा रंग घातलेलं बादलीभर पाणी ओता. दोन फ्लॅटमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर रंग कुणाचा ते कळत नाही आणि मीटिंगमध्ये भांडणं होतात.

दुरुस्ती म्हणजे मशीनचं पाणी सांडपाण्याच्या 75 मि.मी. पाइपाला जोडून गली ट्रॅपमार्गे (वास अडवणारा, पाणी धरून ठेवणारा छोटा चेंबर) ड्रेनेजला नेणं. काही प्लंबर खर्च वाचवायला अख्खा पावसाळी पाइपच ड्रेनेजला जोडतात. तसं करू देऊ नका. जुलैत गच्चीचं पाणी ड्रेनेजमध्ये भरतं, तळमजल्याच्या संडासातून उलटं येतं, आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) असेल तर त्यातले सांडपाणी साफ करणारे जिवाणू वाहून जातात.

मुरूम
बोअरबद्दल: पार्किंगचं पाणी बोअरमध्ये अजिबात नको. आपल्याकडे खाली बेसॉल्ट. बोअरचं पाणी त्याच्या भेगांतून फिरतं आणि भेगा काही गाळत नाहीत. तेल एकदा आत गेलं की शेजारच्या सोसायटीच्या टाकीतही पोचू शकतं. बोअरला फक्त गच्चीचं पाणी सोडा, तेही मोसमातली पहिली एक-दोन धुवण टाकून आणि वाळू-खडीच्या फिल्टरमधून.

पार्किंगसाठी ऑइल ट्रॅप बांधा. हिशोब: 400 चौ.मी., तासाला 50 मि.मी.चा पाऊस, दहा टक्के जिरलं असं धरलं तर मिनिटाला 300 लिटर. पाणी दहा मिनिटं थांबायला हवं, म्हणजे 3,000 लिटर. 3 मी. लांब, 1 मी. रुंद, पाण्याची खोली 1 मी. आत दोन आडभिंती. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, तिसऱ्यातून पाणी बाहेर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा 160 मि.मी.चा पाइप टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावून पाण्याखाली 40 सें.मी. उतरवा. टीचं वरचं तोंड उघडंच हवं. बंद केलंत तर सायफन होऊन वरचं तेलही ओढलं जातं.

ट्रॅपच्या आधी बायपास ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी ट्रॅपला वळसा घालून जाईल, नाहीतर एका ढगफुटीत साठलेलं सगळं तेल ओढ्यात.

काठावरचा
गाड्या धुणारे शाम्पू वापरतात. ट्रॅप असल्यावर चालेल ना?

मुरूम
उलट! साबणाने तेलाचे बारीक थेंब होतात, ते तरंगतच नाहीत, ट्रॅपमधून सरळ निघून जातात. गाड्या एक बादली आणि ओल्या फडक्याने पुसायच्या. फरशीवरच्या तेलावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर ठेवून झाडून घ्या. पार्किंग पाइप लावून धुणं बंद, आठवड्याला कोरडी झाडलोट सुरू.

कर्दळवाली
जागा असेल तर ट्रॅपनंतर पाणी गाळायला 20 चौ.मी.चा खोलगट वाफा करा, म्हणजे पार्किंगच्या 5 टक्के. सगळ्यात खाली 25 सें.मी. खडी आणि त्यात भोकं पाडलेला 110 मि.मी. पाइप, त्यावर 5 सें.मी. बारीक कच, वर 50 सें.मी. वाळू-मातीचं मिश्रण, आणि पाणी साचायला 15 सें.मी. मोकळं. कर्दळ आणि वाळा लावा. दोन्हींना ओलही चालते आणि उन्हाळाही निभतो.

वाफा फसतो तो मिश्रणामुळे. काळी माती वापरली तर पाणी अनेक दिवस तुंबतं आणि डास होतात. न धुतलेल्या क्रश सँडमधली भुकटी थर गच्च करते. शेणखत भरपूर घातलं तर त्यातलं नत्र-स्फुरद ओढ्यात जातं, आणि जलपर्णीला तेच हवं असतं. म्हणून धुतलेली वाळू तीन भाग, पोयटा एक भाग, कुजलेलं कंपोस्ट दहा टक्क्यांच्या आत.

नहाणी_ट्रॅप
ट्रॅपचा पहिला कप्पा एक तृतीयांश गाळाने भरला की उपसा, पावसाळ्याआधी तर नक्कीच. वरचं तेल शोषक पॅडने टिपून बंद डब्यात ठेवा आणि परवानाधारक रीसायकलरलाच द्या. चेंबर उपसणाऱ्या टँकरला दिलंत तर ते कुठे रिकामं होतं ते विचारून घ्या. बऱ्याचदा पुढचा नालाच असतो.