शब्दचर्चा: 'स्कोप क्लॉज'ला मराठीत काय म्हणाल?

सायली_अनुवाद
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या वैमानिकांवरचा एक मोठा लेख मराठीत करतेय आणि चार दिवस एकाच परिच्छेदात अडकलेय. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं विमान, उतरायला काही मिनिटं उरली असताना क्लॅरेन्स सेंटर गावातल्या एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. विमानावर नाव 'कॉन्टिनेन्टल कनेक्शन'. तिकिटंही कॉन्टिनेन्टल या मोठ्या विमान कंपनीच्या नावावर विकलेली. पण विमान चालवत होती कोलगन एअर नावाची दुसरीच कंपनी, आणि दोन्ही वैमानिक तिच्या पगारावर.

लेखात कोलगनला 'रीजनल कॅरियर' म्हटलंय, तिला काम देण्याला 'आउटसोर्सिंग', आणि वैमानिकांच्या संघटना हे रोखायला करारात जे कलम घालून घेतात त्याला 'स्कोप क्लॉज'. माझा कच्चा मसुदा: प्रादेशिक वाहक, बाह्यस्रोतीकरण, व्याप्ती-कलम. आईनं वाचलं आणि विचारलं, "हे पाटबंधारे खात्याचं आहे का गं?"

मदत करा.

शब्दवेडा
आईंना घाबरू नका. स्कोप म्हणजे व्याप्ती, कोशात तेच आहे. आउटसोर्सिंगला शासन निर्णयांत 'बाह्ययंत्रणेमार्फत' असं सर्रास असतं. झालं की.

उडता_बगळा
नाही झालं, शब्दवेडाजी. मी न्यू जर्सीत विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली, म्हणून जरा लांबड लावतो.

वैमानिक आणि कंपनी यांच्या करारात हे बहुधा पहिलंच कलम असतं. पगाराच्याही आधी. त्याचा गाभा एवढाच: या कंपनीच्या नावानं जे काही उडेल ते आमच्या सेवाज्येष्ठता यादीतले वैमानिकच उडवतील. मग खाली सवलती येतात, आणि खरी मारामारी तिथे असते. आज मोठ्या कंपन्यांच्या करारांत साधारण ७६ खुर्च्या आणि ८६,००० पौंड उड्डाणवजन ही कमाल मर्यादा दिसते. त्याच्या आतली विमानं, तीही ठरलेल्या संख्येपर्यंतच, दुसऱ्या कंपनीला चालवायला देता येतात.

हे कागदावरचे आकडे कारखान्यापर्यंत कसे पोचतात ते बघा. एम्ब्राएर या विमानं बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या ई-१७५ विमानाची नवी आवृत्ती काढली. इंधन कमी खाणारी इंजिनं, पण जड. वजन ८६,००० च्या वर गेलं, अमेरिकेत गिऱ्हाईक मिळेना, आणि कंपनीला ते काम थांबवून ठेवावं लागलं. दुसरी गंमत सीआरजे-५५० ची. ७० आसनी सीआरजे-७०० मधल्या खुर्च्या उपटून ५० ठेवल्या, कारण करारात ५० च्या विमानांना जागा होती, ७० ची भरली होती. उरलेल्या जागेत सामानाची कपाटं आणि खाऊपिऊचा कोपरा. प्रवाशाला वाटतं काय ऐसपैस विमान आहे.

तर ही 'व्याप्ती' नाही. व्याप्ती पाठ्यपुस्तकाची असते. ही हद्द आहे.

नांदेडकर
'प्रादेशिक'ला माझाही विरोध, पण वेगळ्या कारणासाठी. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजना सुरू झाली तेव्हा सिमला-दिल्लीबरोबर आमच्या नांदेड-हैदराबादचंही उद्घाटन झालं. तिथे प्रादेशिक म्हणजे खरोखर प्रदेश: छोटं गाव, तिकिटाला कमाल दर, सरकारचं अनुदान. अमेरिकेतलं 'रीजनल' तसं नाही ना? मराठी वाचक हमखास उडानसारखं काहीतरी समजेल.

उडता_बगळा
अगदी. तिथे हा शब्द गावाबद्दल काही सांगत नाही, धंद्याचं नातं सांगतो. १९७८ साली सरकारनं विमानसेवेवरचं दर आणि मार्गांचं नियंत्रण उठवलं. पुढे मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना आपलं नाव आणि रंग देऊन जोडून घेतलं. सध्याच्या बहुतेक करारांत मोठी कंपनी तिकीट विकते, दर आणि मार्ग ठरवते, इंधनाचा खर्च उचलते. छोटीला दर फेरीमागे ठरलेले पैसे मिळतात, विमान रिकामं गेलं तरी. असं 'रीजनल' विमान तीन-तीन तास उडतं.

लालबागचा_नातू
हे वाचताना मला आजोबा आठवले. ते गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरण्या बंद, पण बाजारात गिरण्यांच्या छापाचं कापड येतच होतं. ते विणलं जात होतं भिवंडीच्या यंत्रमागांवर. आजोबा कापडाची किनार चिमटीत धरून सांगायचे, "छापा आमचा, माग त्यांचा."

सायलीताई, तुमच्या विमानाचं हेच नाही का? छापा कॉन्टिनेन्टलचा, माग कोलगनचा. 'बाह्य' म्हटलं की काम बाहेर गेलं असं वाटतं. पण गिऱ्हाइकाच्या लेखी ते बाहेर गेलेलंच नसतं, तो छापा बघूनच पैसे मोजतो. म्हणून 'बाह्यस्रोतीकरण' कानाला खटकतं, त्याहून जास्त अर्थाला.

डबल_बेल
मुंबईकरांना हे समजवायला भिवंडीपर्यंत जायला नको. बेस्टच्या 'वेट लीज' गाड्या बघा. रंग लाल, नाव बेस्ट, तिकीट बेस्टचं. गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे. पैसे किलोमीटरमागे. ऑगस्ट २०२३ मध्ये या ड्रायव्हरांनी पगारासाठी काम बंद केलं, तेव्हा कित्येक प्रवाशांना पहिल्यांदा कळलं की हे बेस्टचे नोकरच नाहीत. डिसेंबर २०२४ च्या कुर्ल्याच्या अपघातानंतर चालकाला प्रशिक्षण किती दिलं होतं, हा प्रश्न विचारला गेला. तुमच्या लेखातही तसंच काही असेल.

आणि 'वेट लीज' हा शब्द मुळात विमानवाल्यांचाच. विमान कर्मचाऱ्यांसकट भाड्यानं घेतलं तर वेट, नुसतं विमान घेतलं तर ड्राय. ओलं-सुकं. (नारळाची आठवण येते.)

मोडीवाचक
उशिरा आलो. मराठीत यासाठी घरचा उपसर्ग आहे: पोट. पोटकूळ, पोटभाडेकरू, पोटहिस्सा, पोटकंत्राट. नाव एकाचं लागलेलं, त्याच्या पोटात दुसरा. आउटसोर्सिंगला पोटकंत्राट लिहा, आणि त्या कंपनीला पोटकंत्राटी विमान कंपनी. लालबागकरांचा मुद्दाही त्यात बसतो: बाहेर नाही, पोटात.

स्कोपसाठी जुन्या कागदांतला शब्द सुचतो: वृत्ती. गावजोशाची वृत्ती म्हणजे त्या गावात ते काम करण्याचा हक्क. यजमानानं दुसरा भटजी बोलावला तरी दक्षिणेवर वृत्तिदाराचा दावा लागायचा. असे खटले इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. 'या गावचं हे काम आमच्याच यादीतला करील' हे शब्दशः तुमचं कलम आहे.

लालबागचा_नातू
काका, शब्द चपखल आहे, पण सोबत काय काय येतं बघा. वृत्ती जन्मानं मिळायची. वैमानिकाचं यादीतलं नाव नोकरीला लागल्याच्या तारखेनं ठरतं. युनियनच्या हक्काला वतनाचा वास लागला तर वाचक नकळत मालकाच्या बाजूला जाईल.

उडता_बगळा
वास अगदीच खोटा नाही, बरं का. कलमाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून बघा. कॉमएअर ही डेल्टा या मोठ्या विमान कंपनीची पोटकंपनी. तिच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप केला. त्याच सुमारास कॉमएअर आणि एएसए या दोन कंपन्यांतल्या काही वैमानिकांनी कोर्टात खेचलं ते कंपनीला नाही, स्वतःच्या राष्ट्रीय संघटनेला! म्हणणं असं की डेल्टाच्या वैमानिकांसाठी हद्द आखताना संघटनेनं आमची वाढ छाटली, आणि वर्गणी तर आम्हीही भरतो. १९३१ साली स्थापन झालेली एवढी जुनी संघटना, दोन्हीकडचे सभासद तिच्या एकाच छत्राखाली. आतल्याला जी शीव, ती बाहेरच्याला कुंपण. कॉमएअर २०१२ मध्ये बंद पडली.

मोडीवाचक
नातवाचं म्हणणं पटलं. वृत्ती मागे घेतो. पण 'शीव' तुम्हीच बोलून गेलात, बगळेराव.

डबल_बेल
मस्टर! आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असतो: "मस्टरवर आहेस की कंत्राटी?" मस्टर-कलम. कंपनीचं उड्डाण कंपनीच्या मस्टरवरचेच करतील. समजवायला तळटीप नको.

शब्दवेडा
मस्टर मराठी कुठे आहे?

डबल_बेल
वैमानिक संस्कृत आहे, म्हणून तो उडायचा थांबला का?

सायली_अनुवाद
:) मस्टर-कलम मला फार आवडलं. आता आणखी तीन शब्द, पळत पळत: कम्यूट, क्रॅश पॅड, फर्लो. त्या विमानाची सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून मालवाहू विमानांतून, मेम्फिसला बदलून, नेवार्कला कामावर आली होती. लेखात याला 'कम्यूट' म्हटलंय. 'दैनंदिन प्रवास' लिहिलं तर लोकलचा पास डोळ्यांपुढे येतो.

नांदेडकर
अप-डाऊन. आमच्याकडे मास्तर लोक नांदेडहून तालुक्याला अप-डाऊन करतात. ही सिअॅटल-नेवार्क अप-डाऊन करत होती. अंतर आपोआप अंगावर येतं.

लालबागचा_नातू
क्रॅश पॅड म्हणजे विमानतळाजवळची दहा-बारा जणांची भाड्याची खोली, एक उठला की दुसरा आडवा? मग 'कॉट बेसिस'. गिरणगावात पाळीप्रमाणे झोपायचे, तोच प्रकार.

उडता_बगळा
फर्लोला मात्र जपून. मराठी पेपरांत फर्लो म्हणजे कैद्याची संचित रजा. 'हजारो वैमानिक फर्लोवर' छापलंत तर लोक विचारतील, गुन्हा काय? साधं लिहा: बिनपगारी घरी बसवलं, यादीतला नंबर राखून. परत बोलावताना त्याच क्रमानं बोलावतात.

सायली_अनुवाद
सगळ्यांचे आभार. परिच्छेद आता असा आहे: "कोलगन ही कॉन्टिनेन्टलची पोटकंत्राटी कंपनी. वैमानिक संघटना करारात मस्टर-कलम घालून अशा कामाला हद्द आखतात. ही हद्द खुर्च्यांत आणि पौंडांत मोजली जाते."

आईनं वाचलं. पाटबंधारे गेले. पण आता विचारतेय, "मग त्या दुसऱ्या कंपनीचं नाव तिकिटावर लिहीत नाहीत का?"

उडता_बगळा
आईंना सांगा, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. अपघातात गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनला खेटे घातले, आणि २०१० च्या कायद्यात ते आलं: वेबसाइटवर तिकीट विकताना पहिल्याच यादीत, प्रत्येक फेरीपुढे, प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचं नाव हवं. सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांच्या उड्डाणाची अट त्याच कायद्यामुळे आली. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' दिसतं ना, ते.

सायली_अनुवाद
मेले. आता 'ऑपरेटेड बाय'ला काय लिहू?

शब्दवेडा
'द्वारा संचालित'. यात तरी वाद नको.

डबल_बेल
'संचालित' शाळेच्या कमानीवर असतं हो, अमुक शिक्षण प्रसारक मंडळ संचालित. 'चालवणार:' आणि पुढे नाव.

लालबागचा_नातू
किराणा दुकानाच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत असतं ते चालेल का? प्रो. प्रा.